हिशेबपट्टी वाचता तशी काँट्रॅक्ट नोट वाचा

मी राळेगावकडच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, त्याला एकवीस वर्षं झाली. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागतात, काटा होतो, पट्टी फाटते आणि कास्तकार माझ्या खिडकीपाशी उभा राहून ती पट्टी वरपासून खालपर्यंत वाचतो. वजन किती भरलं, ओलावा किती धरला, कट्टी किती लावली, हमाली किती. चार रुपये जास्त दिसले की बोट ठेवून विचारतो, "दिवाणजी, हे काउन कापले?" उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडत नाही. मला त्याचा राग येत नाही. वर्षभराच्या मेहनतीचा चुकारा आहे तो, विचारलंच पाहिजे.

हाच माणूस मोबाईलवर शेअर घेतो तेव्हा संध्याकाळी ईमेलवर आलेली काँट्रॅक्ट नोट उघडूनही पाहत नाही. काँट्रॅक्ट नोट म्हणजे शेअरबाजाराची हिशेबपट्टीच. काय भावानं घेतलं, किती घेतलं, कोणी किती कापलं, सगळं त्यात असतं. गेल्या दोन हंगामांत खिडकीवर एक प्रश्न फार आला: "स्वस्तातलं डिमॅट कोणतं, सांगा न." डिमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं. प्रत्येकाला उभ्या-उभ्या सांगणं जमत नाही, म्हणून एकदाचं नीट लिहितो.

आधी जुनं सांगतो, म्हणजे स्वस्त कशाला म्हणायचं ते कळेल. माझं पहिलं खातं २००७ सालचं. वर्ध्याला एका ब्रोकरच्या कार्यालयात जाऊन जाडजूड फॉर्मवर तीस-चाळीस सह्या केल्या होत्या. दलाली शेकडा ५० पैसे, घेतानाही आणि विकतानाही. म्हणजे ४०,००० चे शेअर घेतले की २०० रुपये गेले, वर सेवाकर. विकले की पुन्हा तेवढेच. फोन करायचा, तिकडचा माणूस आपुलकीनं बोलायचा, "हे काढून टाका, ते घ्या" म्हणायचा, आणि मी ऐकायचो. वर्ष संपल्यावर लेजर, म्हणजे ब्रोकरकडची माझी खातेवही, मागवलं. नफा झाला होता त्याहून जास्त पैसे दलालीत गेले होते. त्या माणसानं मला फसवलं असं मी म्हणत नाही. त्याचं पोट सौद्यांवर होतं, तो सौदे करवून घेत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

२०१० मध्ये बंगळुरूला नितीन कामत यांनी झिरोधा सुरू केली. रकमेवर शेकडा हिशेब करायचा नाही, ऑर्डरमागे फार तर २० रुपये, असा त्यांचा दर. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी डिलिव्हरीवरची, म्हणजे शेअर घेऊन आपल्या खात्यात ठेवण्यावरची, दलाली शून्य केली. मग अपस्टॉक्स, ग्रो, धन आले, एंजल वनसारख्या जुन्या घरानंही तोच रस्ता धरला. या सगळ्यांना डिस्काउंट ब्रोकर म्हणतात. गावोगावी कार्यालयं नाहीत, सल्ला देणारा माणूस नाही, सगळं काम ॲपवर. तो खर्च वाचतो म्हणून दर कमी.

पण सगळ्यांचे दर सारखे नाहीत. झिरोधा आणि धन यांच्याकडे डिलिव्हरीला दलाली नाही. ग्रो आणि एंजल वन ०.१ टक्का किंवा २० रुपये, यांतलं जे कमी ते घेतात, आणि खाली एक किमान रक्कमही ठेवलेली असते. एंजल वनची डिलिव्हरी १ नोव्हेंबर २०२४ पर्यंत फुकट होती, नंतर दर लागला. त्यामागे कारण होतं. बाजाराची फी म्हणजे एक्स्चेंजचा आकार पूर्वी मोठ्या ब्रोकरला स्वस्त पडायचा, गिऱ्हाइकाकडून मात्र वरच्या दरानं घेतला जायचा, आणि मधला फरक ब्रोकरकडे राहायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेबीनं, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, तो बंद केला: सगळ्यांना एकच दर, आणि गिऱ्हाइकाकडून घ्यायचा तोच बाजाराला द्यायचा. ती कमाई गेल्यावर काही जणांनी दलाली लावली. म्हणून दर कायमचे समजू नका. खातं उघडायच्या दिवशी त्या ब्रोकरच्या साइटवरचा दरांचा तक्ता स्वतः उघडून पाहा. पुतण्यानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेला दर धरू नका.

५०,००० ची पट्टी

समजा सोयाबीनचे पैसे आले आणि तुम्ही ५०,००० रुपयांचे शेअर घेतले, डिलिव्हरीत. ब्रोकर शून्य दलालीवाला. तरी संध्याकाळच्या नोटवर साधारण ६० रुपये कापलेले दिसतील. ते असे: एसटीटी म्हणजे व्यवहारावरचा केंद्र सरकारचा कर, ०.१ टक्का, त्याचे ५० रुपये. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का, साडेसात रुपये, हे फक्त घेताना. एक्स्चेंजचा आकार दीड रुपयाच्या आसपास. सेबीची फी कोटीमागे १० रुपये, म्हणजे आपल्या वाट्याला पाच पैसे. आणि दलाली, एक्स्चेंजचा आकार आणि सेबीची फी, या तिघांवर १८ टक्के जीएसटी. इथे दलाली नाही म्हणून जीएसटीही पैशांतच.

वर्षानं तेवढ्याच रकमेला विकले तर पुन्हा एसटीटीचे ५०, एक्स्चेंजचे दीड, आणि एक नवी ओळ: डीपी चार्ज. तुमचे शेअर सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या कोठारात असतात. तिथून माल बाहेर काढायचा हा आकार. सीडीएसएल आपले साडेतीन रुपये घेते (बाईच्या नावाचं खातं असेल तर २५ पैसे कमी), बाकीचे ब्रोकरचे आणि जीएसटी. झिरोधाकडे हा सगळा मिळून १५ रुपये ३४ पैसे पडतो. दुसरीकडे थोडा कमी-जास्त.

एवढं मिळून घेणं-विकणं साधारण सव्वाशे रुपयांत झालं. २० रुपयेवाल्या ब्रोकरकडे त्यात दोन वेळा २३ रुपये ६० पैसे मिळवा, म्हणजे पावणेदोनशेच्या आत. आणि माझ्या जुन्या शेकडा ५० पैसेवाल्या दरानं आज हेच केलं असतं तर जीएसटी धरून दलालीच ५९० झाली असती. फरक आहे तो हा.

आता दुसरं टोक बघा. आमच्या गाडीवानाच्या पोरानं ६०० रुपयांचा एक शेअर घेतला, चार दिवसांनी ६१० ला विकला आणि दहा रुपये कमावले म्हणून मला दाखवायला आला. डीपी चार्ज पंधरा रुपये गेला होता. तो काँट्रॅक्ट नोटवर नव्हता, लेजरमध्ये होता, म्हणून त्याला दिसलाच नव्हता. डीपी चार्ज एका कंपनीमागे दिवसाला एकदा लागतो, एक शेअर विका की हजार. तूरडाळीची एक किलोची पिशवी आणि पोतं, दोघांना गाडीभाडं सारखंच, असं समजा. विकायचंच असेल तर तुकड्या-तुकड्यानं पाच दिवस विकू नका.

म्हणून दोन कागद पाहायची सवय लावा: सौद्याच्या दिवशी काँट्रॅक्ट नोट, जी २४ तासांत पाठवायचं बंधन ब्रोकरवर आहे, आणि महिन्यातून एकदा लेजर.

मग यांचं पोट कशावर चालतं

डिलिव्हरी फुकट किंवा वीस रुपयांत, तर एवढं मोठं ॲप चालतं कसं? इंट्राडे म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, फ्युचर-ऑप्शन म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे, यांवर प्रत्येक ऑर्डरला २० रुपयांपर्यंत, आणि उधारीवर शेअर घेणाऱ्यांकडून व्याज. म्हणजे वर्ध्याच्या त्या माणसाचं आणि या ॲपचं गणित आतून एकच. तो फोनवरून सौदे करवायचा, हे स्क्रीनवरून. ॲप उघडलं की वर सरकणारे आकडे, हिरवं-लाल, "आज सर्वाधिक वाढलेले". हात शिवशिवतो.

आपल्याकडे पैसा येतो कसा, याचा विचार करा. पगारदाराला दर महिन्याला येतो. आपला सोयाबीनचा ऑक्टोबरात, कापसाचा वेच्यावेच्यानं फेब्रुवारीपर्यंत, तुरीचा त्याच्या मागून, की संपलं. मग पुढच्या हंगामापर्यंत त्याच पैशावर बियाणं, खत, पोरांच्या फिया. ज्याचा पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो, त्याचे सौदेही वर्षातून दोन-तीनच असले पाहिजेत, आणि तसं वागणाऱ्याला डिस्काउंट ब्रोकरइतकं फायद्याचं दुसरं काही नाही. कोठार मिळालं, पट्टी मिळाली, बाजाराचा भाव मिळाला, आणि दलाली जवळजवळ लागली नाही. रोज सौदे करणाऱ्याला मात्र हाच ब्रोकर महाग पडतो. दिवसाला दहा ऑर्डरी म्हणजे २०० रुपये आणि जीएसटी. आपल्याकडे बाईची एका दिवसाची निंदणाची मजुरी याच घरात असते.

ऑप्शनबद्दल मी कठोर बोलतो, आणि त्याची मला दिलगिरी नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. त्याच वर्षी जुलैत इंट्राडेचा अभ्यास आला होता: दहातले सात जण तोट्यात. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं, म्हणून तो पैसा फुकटचा वाटतो. तो जूनमध्ये ऑप्शनमध्ये टाकून पेरणीला हात पसरणारे मी पाहिले आहेत. नावं सांगणार नाही. त्यातला एक माझ्या बहिणीच्या घरचा आहे.

खातं उघडताना आपल्याकडे अडतं ते

ॲपवाले सांगतात दहा मिनिटांत खातं. शहरात होतही असेल. आपल्याकडे अडतं ते पहिल्यांदा आधारवर. सही आधारच्या ओटीपीनं होते, आणि आधारला जोडलेला नंबर बहुतेकांचा बंद पडलेला असतो. आधी तालुक्याच्या आधार केंद्रात जाऊन चालू नंबर जोडून घ्या, मगच ॲपला हात लावा.

दुसरं, नाव. सातबाऱ्यावर एक, पॅनवर दुसरं, पासबुकावर तिसरंच. ॲप तुमच्या बँक खात्यात एक रुपया पाठवून तिथलं नाव पॅनशी ताडून पाहतं. "पांडुरंग" आणि "पांडूरंग" यावरून अर्ज परत आलेला मी पाहिला आहे. बँकेत नाव पॅनप्रमाणे करून घ्या. बँक खातं यूपीआय किंवा नेटबँकिंग चालणारं हवं. चुकारा जमा होतो ते खातं आणि हे खातं वेगळं ठेवलं तर अजून बरं, म्हणजे खताचे पैसे बाजारात जात नाहीत.

तिसरं फार महत्त्वाचं, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. सेवा केंद्रवाल्या पोराचा ईमेल, शेजारच्या गुरुजींचा ईमेल, असं करू नका. काँट्रॅक्ट नोट, कोठाराचं विवरण, पासवर्ड बदलायचा दुवा, सगळं त्या पत्त्यावर जातं. घरच्यांचा नंबर चालवायचा असेल तर नवरा-बायको, अवलंबून असलेले आई-वडील आणि मुलं एवढ्यांपुरतीच सोय आहे, तीही लिहून देऊन.

कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो, चेहऱ्याचा फोटो, लोकेशन चालू, हे सरळ आहे. उजेडात बसा, नेटवर्क असेल तिथे बसा. आमच्या गावात ते पाण्याच्या टाकीखाली येतं.

पुढे एक पान येतं: कोणते सेगमेंट हवेत. तिथे इक्विटीवर, म्हणजे साध्या शेअरवर, खूण ठेवा, फ्युचर-ऑप्शनची आणि कमोडिटीची काढून टाका. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात, तो देऊच नका. दार बंद ठेवलं की रात्री अकरा वाजता मोह झाला तरी उघडत नाही. वारसाचं नाव त्याच बैठकीत भरा. मार्च २०२५ पासून दहापर्यंत वारस लावता येतात. "नंतर भरू" म्हणणाऱ्यांच्या बायका मग तहसीलचे हेलपाटे घालतात.

वर्षाची फी वेगळी असते. काही घेत नाहीत, काही तिमाहीला कापतात. पण सेबीची एक सोय आहे, बीएसडीए नावाची. पॅनवर पहिला धारक म्हणून एकच डिमॅट असेल आणि आतला माल ४ लाखांच्या आत असेल तर वर्षाची फी नाही. ४ ते १० लाखांत १०० रुपये आणि त्यावर कर. १ सप्टेंबर २०२४ पासून ही मर्यादा आहे. पोरं रेफरलच्या शे-दोनशे रुपयांसाठी चार ॲपवर चार खाती उघडतात आणि ही सोय घालवून बसतात. एकच उघडा. आधीची असतील तर माल एका खात्यात आणून बाकीची बंद करा.

विकताना दोन रस्ते असतात. एक, प्रत्येक वेळी सीडीएसएलचा टीपिन, म्हणजे कोठाराचा गुप्त आकडा, आणि ओटीपी टाकायचा. दुसरा, डीडीपीआय म्हणजे विकलेला माल कोठारातून काढायची परवानगी ब्रोकरला एकदाच लिहून द्यायची. वर्षातून दोनदा विकणाऱ्यानं टीपिनच वापरावा. दोन मिनिटं जातात, पण किल्ली आपल्या कमरेला राहते.

ऑर्डर टाकताना

बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद. त्या वेळी तुम्ही वावरात असता, फवारणीचा पंप पाठीवर असतो. घाई करून धुऱ्यावर उभं राहून सौदा करू नका. रात्री जेवण झाल्यावर आफ्टर मार्केट ऑर्डर टाकता येते, सकाळी ती आपोआप बाजारात जाते. तीत लिमिट निवडा, म्हणजे "एवढ्या भावापर्यंतच घ्या" असं सांगितल्यासारखं. मार्केट ऑर्डर म्हणजे भाव न विचारता गाडी रिकामी करणं. कापूस आपण कधी असा विकत नाही. विकल्यावर पैसे पुढच्याच कामकाजाच्या दिवशी ब्रोकरकडच्या खात्यात जमा होतात, जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना हाच नियम आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात मी एका ॲपवर ६०,००० चे शेअर घेतले. घेताना डिलिव्हरीशेजारी एमटीएफ असं बटण होतं, तेच आधीपासून निवडलेलं. खाली लिहिलं होतं, लागणारी रक्कम २०,०००. मला वाटलं बाकीचे उद्या कापतील. एक ओटीपी आला, तोही दिला. खरं तर तो माल गहाण ठेवायचा ओटीपी होता. ब्रोकरनं ४०,००० उधार दिले होते, महिन्याला शेकडा सव्वा रुपया व्याजानं. माझे उरलेले ४०,००० बँकेत पडून होते आणि इकडे महिन्याला ५०० रुपये जात होते. चार महिन्यांनी लेजर उघडलं तेव्हा २,००० गेले होते. हिशेबनीस माणूस मी, पट्टी वाचायचं काम करतो, आणि ती ओळ चार महिने पाहिली नाही याचं आजही वाईट वाटतं. त्या दिवसापासून दर महिन्याच्या पाच तारखेला लेजर उघडतो. तुम्ही ऑर्डर टाकताना रकमेची ओळ वाचा: शेअरचा भाव गुणिले नग, तेवढेच पैसे ॲप मागत असेल तर डिलिव्हरी. कमी मागत असेल तर उधारी किंवा इंट्राडे. थांबा, मागे या.

ब्रोकर बुडाला तर

हा प्रश्न बाया जास्त विचारतात, आणि बरोबर विचारतात. शेअर ब्रोकरकडे नसतात, सीडीएसएल-एनएसडीएलकडे तुमच्या नावानं असतात. ब्रोकर बंद पडला तरी माल तुमचा, दुसऱ्या ब्रोकरकडे नेता येतो. पण २०१९ मध्ये हैदराबादच्या एका मोठ्या ब्रोकरनं गिऱ्हाइकांचेच शेअर गहाण टाकून पैसा उचलला होता, तेही हातात असलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर. त्यानंतर नियम कडक झाले, गहाणासाठी तुमचा ओटीपी लागू लागला. म्हणून ओटीपी कशाचा आहे ते वाचल्याशिवाय देऊ नका, आणि सीडीएसएलकडून थेट येणारे मेसेज पुसू नका. ज्या महिन्यात सौदा झाला त्या महिन्याचं एकत्रित विवरण ईमेलवर येतं, त्यातले नग ॲपमधल्या नगांशी जुळवा.

रोख पैशाची गोष्ट वेगळी. तो ब्रोकरकडे पडून राहू देऊ नका. शेअर विकले, दुसरं काही लगेच घ्यायचं नाही, तर पैसे बँकेत परत मागवा. पडून राहिले तर तीन महिन्यांनी तरी ब्रोकरला ते परत करावेच लागतात, पण वाट कशाला पाहायची.

खरा धोका ब्रोकर बुडण्यापेक्षा खोट्या ब्रोकरचा आहे. आमच्या शेजारच्या गावातल्या एका कास्तकाराला व्हॉट्सॲपच्या गटात घेतलं, नामांकित कंपनीचं चिन्ह लावलेलं ॲप पाठवलं. तुरीचे ८०,००० त्यानं टाकले. स्क्रीनवर ते चार लाख झालेले दिसत होते. काढायला गेला तर आधी कर भरा म्हणाले. तेव्हा तो माझ्याकडे आला. मी एकच विचारलं, "पैसे कोणाच्या खात्यात टाकले?" कुठल्या तरी माणसाच्या बचत खात्यात. तिथेच कळलं. ब्रोकर कधीच कोणा माणसाच्या बचत खात्यात पैसे मागत नाही. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या, ब्रोकरचा नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर पाहा, आणि यूपीआयनं पाठवताना पत्त्यात @ च्या पुढे valid हा इंग्रजी शब्द आहे का ते बघा. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्यांसाठी ही खूण आली आहे. फसलात तर लाज धरून बसू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला फोन करा. आणि नागपूर-हिंगणघाटकडे अजून कोणी "डब्ब्यात" खेळायला बोलावलं, म्हणजे बाजाराबाहेर चिठ्ठीवर, तर तो सौदा बेकायदेशीर आहे. तिथे काँट्रॅक्ट नोट नाही, तक्रारही नाही.

खऱ्या ब्रोकरनं चुकीचं कापलं तर आधी ॲपमध्ये तक्रार टाका आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. ऐकलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारीच्या साइटवर. तिथे ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सेबीचा फोन १८०० २२ ७५७५, फुकट आहे.

कराचं थोडक्यात. वर्षाच्या वर ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर १.२५ लाखांपर्यंत कर नाही, पुढे १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकले तर २० टक्के. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून "आपल्याला रिटर्न लागत नाही" असं धरू नका. इंट्राडे किंवा ऑप्शन एकदा जरी केलं तरी तो धंदा धरला जातो आणि विवरण मोठ्या फॉर्मवर भरावं लागतं. शिवाय आयकर भरणारं घर पीएम-किसानच्या यादीतून निघतं. वर्षाच्या ६,००० वर पाणी सोडायचं का, हे विकायच्या आधी ठरवा.

ज्याला ॲप वापरता येत नाही आणि घरात विश्वासाचं कोणी नाही, त्यानं डिस्काउंट ब्रोकरच्या नादी लागू नये, हे माझं प्रामाणिक मत. त्याच्यासाठी पोस्टाचं खातं किंवा बँकेतली ठेव चांगली. थोडंफार जमतं, पण कंपन्या निवडायचा आवाका नाही, त्यानं याच ॲपवर म्युच्युअल फंडाचा डायरेक्ट प्लॅन बघावा. मधल्या एजंटाचं कमिशन त्यात नसतं.

परवा एक बाई खिडकीवर आल्या. नवरा वारला, वावर स्वतः करतात, दहा गुंठ्यांत भाजीपाला. चुकारा घेतला, आणि पिशवीतून सेवा केंद्रातून छापून आणलेला कागद काढला. त्यांच्या पहिल्या सौद्याची काँट्रॅक्ट नोट होती, १२,००० रुपयांची. पट्टीवर ठेवतात तसं एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. "एसटीटी बारा रुपये, बरोबर. हे दोन रुपये कायचे?" मुद्रांक, मी म्हटलं, एक ऐंशी. त्यांनी माझ्याकडून पेन घेतला, कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला, मान हलवली आणि कागद घडी करून चुकाऱ्याच्या पावतीला टाचणीनं लावला.